थांबत थांबत कापलेला कोट

अहो, त्या दिवशी कात्रीबाईंच्या दुकानात काय धांदल उडाली होती! कित्येक महिन्यांनी बाई स्वतः कापड कापायला उभ्या राहणार होत्या.

कात्रीबाई हे नाव गल्लीनं उगाच नव्हतं दिलं. एकदा कात्री चालली की ती कापडाच्या दुसऱ्या टोकालाच थांबायची. ‘मध्येच थांबला तो शिंपी कसला?’ असं म्हणत बाईंनी उभी हयात काढली. मग संधिवातानं गाठलं. अंगठा सुजला, सकाळी बोटं मिटेनात, तरी बाईंचा हेका कायम. शेवटी एकदा चालू कामात कात्रीच गळून पडली आणि कापणं बंद झालं.

आता भाची वकील झाली होती. सोमवारी कोर्टातला पहिला दिवस. "तयार कोट आणते," ती म्हणाली, तशा बाई कडाडल्या, "दुसऱ्याच्या हातचा कोट? मी काय मेले का?"

"मग माझं ऐकायचं!" भाचीनं पदर खोचला. टेबलाखाली विटा सारून ते उंच केलं, म्हणजे वाकायला नको. आत्याचे हात कोमट पाण्यात शेकले. वर जाड मुठीची, आपोआप उघडणारी कात्री पुढ्यात ठेवली. बाईंनी नाक मुरडलं, पण घेतली.

आणि निघाल्या की सुसाट! कोटाच्या पाठीचा भाग अर्धा कापून झाला तोच भाची ओरडली, "आत्या, थांब! दुखायच्या आधी थांबायचं, डॉक्टरांनी बजावलंय ना?"

"थांबले तर काठ दातेरी होईल गं!"

"का होईल?"

बाईंनी पाती निरखली. खरंच, का होतो? पाती पार मिटली की टोकाशी कापड चावलं जातं, म्हणून. मग मिटायचीच कशाला? त्यांनी पाती उघडीच कापडात राहू दिली, हात सोडवून मांडीवर ठेवला. जरा वेळानं तिथूनच पुढे निघाल्या. काठ सरळ सुरीसारखा!

"अगं बाई! जन्म गेला आणि एवढंसं सुचलं नाही!" बाई आनंदानं नाचायच्याच बाकी होत्या.

संध्याकाळी भाचीनं पाठ उजेडात धरली. "कुठे थांबली होतीस, दाखव बरं."

बाईंनी चष्मा चढवला, काठ दोनदा न्याहाळला. "सापडत नाही गं!" काठावरून बोट फिरवत त्या म्हणाल्या.

"बाह्या राहिल्यात. हात दुखतोय?"

"छे! मुळीच नाही," बाई म्हणाल्या, आणि कात्री खाली ठेवली. "बाह्या उद्या."