कुमुदमावशींची फेरी

कुमुदमावशींच्या हातात पर्स असो की वरणाचं पातेलं, गाडीत बसण्याआधी त्या गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारायच्या. चारही टायर पाहायच्या, दिवे पाहायच्या, वाकून गाडीखाली नजर टाकायच्या आणि मगच दार उघडायच्या. अमेरिकेत, फ्रीमाँटच्या आमच्या मराठी मंडळात नवीन आलेल्यांना हा काहीतरी धार्मिक विधी वाटे. एकजण तर भक्तिभावाने त्यांच्यामागून चालू लागला होता. "प्रदक्षिणा नाही रे बाप्पा," मावशी म्हणाल्या, "देवाच्या टायरमधली हवा बघावी लागत नाही."

मावशी मूळच्या नागपूरच्या. इथल्या राज्याच्या मोटार खात्यात त्या जड वाहनांचे परवाने पाहत. निघण्यापूर्वी ट्रकभोवती अशी फेरी मारणं हे इथे प्रत्येक ट्रकचालकाचं काम असतं, आणि परवान्याच्या परीक्षेतही ते करून दाखवावं लागतं. चाकाला नुसता पाय लावून पुढे जाणाऱ्यांना मावशींनी वर्षानुवर्षं नापास केलं. स्वतःला या नियमातून वगळावं, असं मात्र त्यांना कधी सुचलं नाही.

२००५च्या सुमारास मी एका छोट्या कंपनीत होतो. ड्रायव्हरशिवाय चालणारा मालट्रक आम्ही बनवत होतो, आणि एका बंद धावपट्टीवर तो शहाण्यासारखा चालायचाही. पण पैसे गुंतवणाऱ्यांना तो खऱ्या हायवेवर धावताना पाहायचा होता. आमच्या मालकांना तर केबिन रिकामी हवी होती. त्याशिवाय त्यांना मजा वाटत नव्हती. परवानगी मिळाली नाही तर कंपनी बंद, कंपनी बंद तर माझा व्हिसा रद्द, म्हणजे बायकोमुलांसह पुण्याला परत.

अर्ज नेमका मावशींच्या टेबलावर गेला. बैठकीत मालकांनी पडद्यावर इतकं भविष्य दाखवलं, की खोलीत वर्तमानाला बसायला जागा उरली नाही. मग आमचे वकील म्हणाले, ट्रकमध्ये माणूस हवाच, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

"ट्रकने पोहू नये, असंही कुठे लिहिलेलं नाही," मावशी म्हणाल्या. त्यांचा प्रश्न एकच होता. "निघण्याआधी फेरी कोण मारणार?"

मालकांनी सेन्सरची यादी सुरू केली. मावशींनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. "हे सगळे आतून बाहेर बघतात," त्या म्हणाल्या. "बाहेरून बघून 'आज हा ट्रक निघणार नाही' असं म्हणणारा कोण?"

मालकांनी पडद्यावर भविष्याचं पुढचं पान लावलं.

त्या रविवारी मी मावशींच्या घरी गेलो. त्यांनी गोळाभात वाढला, वर फोडणीचं तेल घातलं. मी हळूच व्हिसाचा विषय काढला. त्यांनी माझं ताट पुन्हा भरलं, मग म्हणाल्या, "तुझी काळजी आहे रे मला. पण शेजारच्या लेनमध्ये जी बाई गाडी चालवत असेल, तिला तुझा व्हिसा माहीत नाही. आता जेव. आणि हा विषय पुन्हा या घरात नको."

परवानगी आली, पण अटीसह. परवानाधारक ड्रायव्हर सीटवर हवा, फेरी त्याने मारायची आणि नाही म्हणायचा हक्कही त्याचाच. मालक दोन दिवस रुसले, मग एका निवृत्त ट्रकवाल्याला घेऊन आले. ठरल्या दिवशी त्याने सावकाश फेरी मारली, आत चढला आणि हात मांडीवर ठेवून बसला. ट्रक हायवेवर सुरेख धावला. पैसे मिळाले. गुंतवणाऱ्यांपैकी एकजण नंतर म्हणाला की यंत्रातलं त्याला काही कळलं नाही, पण सीटवरचा तो म्हातारा पाहून धीर आला. माझा व्हिसा टिकला.

२००८मध्ये मावशी निवृत्त होऊन मॉरिसव्हिलला मुलीकडे राहायला निघाल्या. विमानतळावर सोडायला मी त्यांच्या घरी गेलो, तर त्यांची गाडी आधीच विकलेली. परवानाही त्यांनी स्वतःहून परत केला होता. मी कारण विचारलं.

"फेरी मारताना मागचा दिवा लागलाय की नाही, ते दिसेना," त्या म्हणाल्या. "मग मीच मला नापास केलं."

बॅगा ठेवून आम्ही माझ्या गाडीत बसलो. मला राहवलं नाही. "मावशी, आता तुम्हालाच आमची ड्रायव्हरशिवायची गाडी लागणार."

"बसेन की. आनंदाने बसेन," मावशी म्हणाल्या. पट्टा मात्र त्यांनी लावला नव्हता. "पण तू आधी खाली उतर. फेरी राहिली."

मी उतरलो. चारही टायर पाहिले, वाकून गाडीखाली नजर टाकली आणि दाराशी आलो. मावशींनी काच खाली केली.

"मागचा दिवा?"

मी पुन्हा मागे गेलो.