मशेरीचे डोहाळे

आई मशेरी भाजायला बसली की आमच्या बिल्डिंगचा सगळा जिना खोकायचा. वर येणारा माणूस नाकाला रुमाल लावून यायचा. बायका मात्र दारातच थांबून विचारायच्या, झाली का, वाटीभर ठेवा हं आमच्यासाठी. तव्यावर तंबाखू काळीभोर होईपर्यंत भाजायची, कुटायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून वस्त्रगाळ करायची आणि डब्यात भरायची. त्यासाठी एक लोखंडी तवा वेगळा ठेवलेला होता. साताऱ्याहून वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा वडिलांनी जुनं लाकडी कपाट मागे ठेवलं, पण तो तवा आला. दुपारची जेवणं आटोपली की आई गॅलरीत बसून चिमूटभर मशेरी बोटाने हिरड्यांवर फिरवायची आणि समोरच्या मोकळ्या प्लॉटांकडे बघत राहायची. तेवढा वेळ तिला हाक मारायची नाही, हे आम्हाला न सांगता कळत होतं.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. वाशीत तेव्हा माणसं कमी आणि गवत जास्त होतं. आम्ही चौघी मैत्रिणी नववीत होतो. शाळेत विज्ञानाच्या बाईंनी तंबाखूने शरीरात काय काय होतं ते फळ्यावर आकृती काढून सांगितलं. वर्गातल्या बाकीच्यांनी ती आकृती उतरवून घेतली. आमच्या मात्र ती अंगात शिरली. आम्ही सोसायटीतल्या पुरुषांच्या मागे लागलो. कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीसमोर उभ्या राहायचो, काही बोलायचो नाही, नुसत्या बघत राहायचो. पाच मिनिटांत गिऱ्हाईक सिगारेट विझवून चालू लागायचं. टपरीवाल्याने आमच्या वडिलांकडे तक्रार केली, तर माझे वडील त्याच टपरीचं गिऱ्हाईक निघाले. पावणे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून येताना बसमधून उतरले की त्यांची एक सिगारेट तिथे ठरलेली असायची. त्या दिवसापासून ते आधीच्या स्टॉपवर उतरायला लागले.

गणपतीत आम्ही नाटक बसवलं. आमच्यातल्या सर्वांत उंच मैत्रिणीला सिगारेट केली. तिच्यासाठी पांढऱ्या चादरीची नळकांडी आईने स्वतः शिवून दिली आणि डोक्यावर लाल कापडाचा निखारा लावून दिला. नळकांडीत पाय अडकून सिगारेट स्टेजवर येतानाच आडवी झाली. लोकांना वाटलं तेही नाटकातच आहे. सर्वांत जोरात टाळ्या आईने वाजवल्या. घरी येऊन तिने आम्हा चौघींना साबुदाण्याची खिचडी खायला घातली, पोरींनी गाव सुधरवायला घेतलंय म्हणून कौतुक केलं आणि मग गॅलरीत जाऊन डबा उघडला. तंबाखू म्हणजे पुरुषांची सिगारेट, बिडी, फार तर चुन्याबरोबर मळलेली चिमूट. मशेरी ही दात घासायची वस्तू, राखुंडीची बहीण. आमच्या घरात काय, अख्ख्या बिल्डिंगमध्ये कुणालाही यात काही विसंगत वाटलं नाही.

दिवाळीनंतर माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. ताईचं सासर कराडजवळ. लग्नाआधी ती मशेरीला शिवत नसे, आता मात्र दिवसातून चार वेळा तिचं बोट डब्यात जायचं. आईला त्याचा आनंदच झाला. दुपारी गॅलरीत आता दोघी शेजारी बसू लागल्या. लेक आता संसारी बाई झाली, असं काहीसं आईला वाटत असावं.

प्रसूतिगृहातल्या डॉक्टरबाईंकडे ताईबरोबर मी गेले होते. तपासून झाल्यावर त्या म्हणाल्या, महिन्याच्या मानाने बाळ लहान वाटतंय. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, तंबाखू, मशेरी काही लावता का? ताई नाही म्हणाली. डॉक्टरबाईंनी तिच्या दातांकडे बघितलं आणि शांतपणे सांगितलं, लावत असाल तर आजच बंद करा, बाळाचं पोषण त्याने तुटतं. टपरीसमोर उभी राहणारी मी, आणि तंबाखू आमच्याच ओट्याखाली डब्यात बसली होती.

परत येताना घराजवळ आल्यावर ताई म्हणाली, "मला भीती वाटते गं. पण सुटत नाही. सकाळी लावली नाही तर डोकं फुटायला होतं."

मी तडक स्वयंपाकघरात गेले आणि आईला सगळं सांगितलं. माझा स्वभाव तापट, सांगितलं म्हणजे भांडलेच. आईने कणीक मळायची थांबवली नाही. तिचं म्हणणं साधं होतं. पोटुशी बाईला जे खावंसं, लावावंसं वाटतं ते डोहाळे. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचे कान फुटतात. तिने स्वतः दोन्ही वेळेला मशेरी लावली होती, आमचे कान फुटले का? आम्ही दोघी धडधाकट समोर उभ्या होतो. वडिलांनी वर्तमानपत्र थोडं आणखी वर धरलं.

दुसऱ्या दिवशी मी डबा लपवला. दुपारपर्यंत ताई रडकुंडीला आली आणि आईने खालच्या मजल्यावरून वाटीभर मशेरी मागून आणली. ती आईनेच भाजलेली होती.

शाळेत मधल्या सुट्टीत मी मैत्रिणींपुढे हे रडगाणं गायलं. आमच्यातली एक जवळच्याच खाडीकाठच्या गावातली होती. तिच्या घरी मिठागरं होती आणि तिचं डोकं आम्हा तिघींपेक्षा कायम थंड असायचं. ती म्हणाली, "तू नको नको कशाला बोलतंस? बदल्यात दुसरा कायतरी दे ना. आमचे वयनीला माती खावीशी वाटं. आयेनं तिला भाजलेला जवला दिला. माती इसरली ती."

त्याच संध्याकाळी ती कागदात बांधून सुका जवळा, म्हणजे बारीक सुकट, घेऊन आली. तो कांद्याबरोबर तव्यावर, म्हणजे भाकरीच्या तव्यावर, परतला. ताईने बोटं चाटून खाल्ला. मग आम्ही चौघींनी वाटणीच केली. शाळा सुटली की कुणीतरी एक ताईजवळ बसायची. तिला मशेरीची लहर आली की चिंच, आवळा, भाजलेली बडीशेप, काहीच नसलं तर जवळा. जिन्यात आता मशेरीऐवजी सुकटीचा वास सुटायला लागला आणि वरच्या मजल्यावरच्या शाकाहारी काकूंनी निरोप पाठवला की यापेक्षा मशेरी बरी होती. ताई सकाळची विसरली, संध्याकाळचीही विसरली. दुपारची मात्र सुटेना. जेवणं झाली की आई गॅलरीत बसायची, डबा उघडायची, तो वास आत यायचा आणि ताईचे डोळे तिकडे वळायचे. आई आपणहून तिच्यापुढे डबा करायची. लेकीला मागावं लागू नये म्हणून.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. ताईला हिरवी साडी, फुलांचे दागिने. भाड्याने आणलेल्या झोपाळ्याला आम्ही शेवंती गुंडाळली. आम्ही चौघींनी स्वतः रचलेलं गाणं म्हटलं. त्यात मशेरीवर एक टोमणा होता. तो बायकांनी हसून घेतला आणि आईने ऐकलाच नाही. दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या, ताईने एक उघडली, बर्फी निघाली, मुलगी होणार म्हणून सगळ्यांनी गलका केला. मग रीतीप्रमाणे ओटी भरणाऱ्या बायका एकेक करून विचारू लागल्या, काय डोहाळे लागलेत, काय हवंय. ताई कुणाला पुरणपोळी म्हणाली, कुणाला कैरी म्हणाली. आई शेवटी आली. तिने ओटीत नारळ घातला आणि विचारलं.

ताई खाली बघत म्हणाली, "आई, तुझ्या तोंडाला मशेरीचा वास येऊ नये, असं वाटतंय. एवढा एक डोहाळा पुरव."

आम्ही चौघी एकमेकींकडे बघत राहिलो. हे आमच्या नाटकातलं नव्हतं, हे तिचं तिनेच ठरवलेलं होतं. आईने पदर सावरला, "पुरवते. बाळ होईस्तोवर," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मी मागोमाग गेले. वाटलं, आता माझ्यावर शिव्यांचा पाऊस पडणार. आई ओट्याला टेकून उभी होती. रागावलेली नव्हती. म्हणाली,

"तुझ्या ताईच्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं काय पाहिजे म्हणून. सगळ्यांची पंगत उठल्यावर उरलं तर जेवायचं. मोठ्या जावेनं चिमूटभर मशेरी दिली, म्हणाली, लाव, भूक मरती. खरंच मेली. मला वाटलं, माझ्या लेकीला निदान न मागता मिळावी."

मी तिला मिठी मारली. आमच्या घरात मिठ्या मारायची पद्धत नव्हती, त्यामुळे ती अवघडली आणि म्हणाली, जा, पाहुण्यांना पान वाढ.

आईने शब्द पाळला. पहिले काही दिवस घरात कुणाची धडगत नव्हती. भाजी खारट व्हायची आणि वडील ती निमूट खायचे. दुपारी गॅलरीत दोघी बडीशेप चघळत बसायच्या, आणि एकीची मान वळली की दुसरी तिला काहीतरी बोलण्यात गुंतवायची. मी कधी मध्ये बोलले तर आता चालत होतं. महाशिवरात्रीच्या आसपास ताईला मुलगी झाली. हडकुळी नव्हती, गुटगुटीतही नव्हती. डॉक्टरबाई छान आहे म्हणाल्या. आईने दुपट्यातून आधी तिचे कान बाहेर काढले, दोन्ही कानांमागे बोट फिरवून बघितलं आणि मगच तोंड बघितलं.

बाळ होईस्तोवर ही मुदत तर संपली होती. ताई म्हणाली, अंगावर पितेय तोवर. आई म्हणाली, बरं. मशेरीचा तवा आम्ही घासून घासून लख्ख केला आणि त्यावर निखारे ठेवून बाळाला ओव्याची धुरी द्यायला घेतला. जिना पुन्हा खोकायला लागला, पण आता बायका दारात थांबून बाळ बघायला मागायच्या.

आईने पंगतीचं जे सांगितलं होतं ते मी मैत्रिणींना सांगितलं होतं. बारसं झाल्यावर एका दुपारी त्या तिघी आल्या. आई गॅलरीत होती, तिचं बोट सवयीने हिरडीकडे गेलं होतं आणि रिकामंच फिरत होतं. खाडीकाठची मैत्रीण तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, "काकू, तुमचं डोहाळं र्‍हायलंच ना. तुमाला काय पायजेल?"

आई हसायला लागली. या वयात कसले डोहाळे, लोक काय म्हणतील. पण मैत्रीण उठेना. मग आई विचारात पडली आणि लाजल्यासारखी म्हणाली, "बोरं. गावठी, आंबट."

समोरच्या प्लॉटवर बोरीची झुडपं होती. आम्ही चौघींनी ओढण्या आणि हात ओरबाडून घेतले आणि ताटलीभर बोरं आणली. हंगाम सरत आला होता, निम्मी किडकी होती. आईने एकेक बोर पारखून तोंडात टाकलं, बिया मुठीत जमवल्या. आतून बाळ रडलं तरी ती उठली नाही, ताईलाच हाक मारून घे म्हणाली. ताटली रिकामी झाल्यावर तिने बिया खाली गवतात टाकल्या आणि पदराने तोंड पुसलं.

"तेव्हाबी मला हीच पाहिजे होती," ती म्हणाली.