दिलेल्या मुलींचं दुखणं

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला आमची आते भात कालवता कालवता विचारायची, "तुझी आजी कशान गेली गो?" बाईचा घास हातातच राहायचा. तोवर पुढचा प्रश्न तयार, "आणि मावशी?" काहीजणी सोलकढीची वाट न बघताच उठायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी कोपराने ढोसायचे, तर ही मलाच मोठ्याने विचारायची, "कित्याक ढोसतंस? इचारल्यार कोण मरता?"

शालूआते मुळात अशी नव्हती. बाबांची थोरली बहीण, हळर्णहून डिचोलीला दिलेली. हसरी, खणखणीत आवाजाची, बसमध्ये चढली की आधी कंडक्टरच्या घरची चौकशी करणार आणि मग तिकीट काढणार. तिला छातीचा कॅन्सर झाला, ती त्यातून उठली, परत पापड लाटायला लागली. काही वर्षांनी अंडाशयात नवीनच निघाला. तेव्हा पणजीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमच्या घरात आणखी कुणाला होता का?" सोबत आम्ही दोघं होतो. बाबांनी लगेच सांगितलं, "छे हो, आमच्या घरात कुणालाच नाही." मीही मान डोलावली.

परतीची बस मांडवीच्या पुलावर आली तेव्हा आते खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काशीआते कशान गेली? आणि आपली बायो?" काशी ही बाबांची आत्या, दोडामार्गला दिलेली. बायो सगळ्यांत धाकटी बहीण, ती मालवणला. दोघीही पोटाच्या दुखण्याने भरल्या संसारातून गेलेल्या. बाबा म्हणाले, "त्या दिलेल्या. त्यांच्या घरचां तां."

बाबा खोटं बोलत नव्हते, हे मी आजही सांगेन. आमच्याकडे मुलगी दिली की तिचं नाव बदलतं, आडनाव बदलतं, देव बदलतो. मग तिचं दुखणंही सासरच्या खात्यात जातं. आते एवढंच म्हणाली, "नाव बदललां, देव बदललो. आंग तर तांच मा रे, बाळा?"

पुढच्या खेपेला ती एकटी गेली आणि सगळं सांगून आली. तपासणी झाली, दोष सापडला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते असं, की हा दोष जन्मतःच अंगात असतो, आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. आला म्हणजे रोग होणारच असं नाही, पण धोका मोठा. आधी कळलं तर लक्ष ठेवता येतं, पुष्कळ काही करता येतं. भावाने तपासून घ्यावं, त्याला नसेल तर त्याच्या मुलीला त्याच्याकडून यायचा प्रश्नच नाही. त्याला निघाला तर मात्र मुलीनेही तपासावं.

भावाची मुलगी, आतेच्या तोंडी भावाचं चेडू, म्हणजे मी. तुयेच्या औषधांच्या कारखान्यात दिवसभर गोळ्यांची पाकिटं तपासते, आणि स्वतःला तपासायचा विषय निघाला की उठून जायचे. रात्री अंथरुणात छाती चाचपायचे आणि चाचपली म्हणून रडायचे. त्यात साखळी गावचं एक स्थळ आलेलं. बाबा म्हणाले, "बाप्यामनशाक असलां काय जायना. आणि ह्यां भायर गेलां तर हिचा लगीन जातला?" आते इतकंच म्हणाली, "लगीन ऱ्हवला तरी चलात. चेडू ऱ्हवाक होयां."

त्यानंतर ती बाबांशी या विषयावर बोलली नाही, पंगतीत परक्या बायकांना मात्र विचारत सुटली. बाबांना वाटलं, जिरलं. मग चवथ आली. गणपती बसला, आरती झाली, पानं मांडली. माहेरवाशिणीचं पान पहिलं. खतखतं, पातोळ्या, सगळं वाढून झालं आणि आतेने हात मांडीवर ठेवले. "बाळा, तू तपासूक जातंय म्हणसर मी जेवचंय नाय."

चवथीला माहेरवाशीण उपाशी उठणं म्हणजे आमच्या घरात केवढं, ते बाहेरच्याला कळणार नाही. आई रडकुंडीला आली. बाबा चिडले, उठून ओसरीवर गेले, परत आले. आते औषधांनी वाळलेली, डोक्याला रुमाल, समोर पान निवत चाललेलं. शेवटी बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "माझ्याकडसून हिका गेलां आसात तर मी हिका तोंड कसां दाखवू गो, बाय?" तेव्हा मला कळलं, माणूस हट्टी नव्हता, घाबरला होता.

"बापाशीन आपणाक दिलां, तेका तरी खय म्हायत होतां? आम्ही तेका कधी बोल लावलो?" आते म्हणाली. "तुझी चूक नाय ती. लपयलंस तर होतली." बाबांनी मान हलवली. "जातंय. जेव तू." मग ती जेवली, दोन पातोळ्या मागून घेतल्या.

बाबांना दोष निघाला. साखळीच्या मुलाला मीच फोन करून सांगितलं. "तुझा रिपोर्ट येऊ दे," तो म्हणाला. मला त्याचा राग आला नाही, मीही तेच म्हटलं असतं. मी रक्त दिलं, सुई टोचताना बाबा शेजारी उभे होते. त्याच आठवड्यात आते गेली.

डिचोलीहून परतल्यावर भटजींनी रीत सांगितली. दिलेल्या मुलीचं सुतक माहेरी तीन दिवस, चौथ्या दिवशी घर मोकळं. बाबा म्हणाले, "आम्ही धा दिस पाळतलंव." भटजी समजुतीने म्हणाले, "अहो, ती आता त्यांच्या घरची."

"आमचीच ती," बाबा म्हणाले. "डॉक्टरचो कागद आसा माझ्याकडे." भटजींना काहीच उमगलं नाही. आम्ही दहाही दिवस पाळले. माझा रिपोर्ट अजून यायचा आहे.