ब्रेकच्या दिवशीचं इंजेक्शन

दर अकरा महिन्यांनी एक दिवस मी नर्स नसते. कोल्हापूरच्या या सरकारी दवाखान्यात कंत्राटावर बारा वर्षं झाली. नोकरी सलग दिसू नये म्हणून करार संपला की एक दिवसाचा ब्रेक देतात, दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर. त्या दिवशी घरी बसायचं असतं. पण वॉर्डात माणसं कमी, म्हणून मी खुळ्यासारखी हुपरीहून पहिली एसटी पकडून येतेच. काम मी करते, पेशंटच्या औषधांच्या तक्त्यावर सही कायम नोकरीतली मैत्रीण करते. आमचं दोघींचं तसं ठरलेलंच आहे.

यंदा नेमके त्याच दिवशी मुंबईहून मोठे साहेब आले. भरतीचं नवं धोरण ठरायचं होतं, त्यावर नर्सेसचं म्हणणं ऐकायचं होतं. कायम असलेल्यांना बोलायची गरज नव्हती आणि कंत्राटातल्यांना धीर नव्हता. माझी जीभ तिखट, म्हणून सगळ्यांनी मलाच पुढं ढकललं. मीही हौसेनं उठले. हा ब्रेक बंद करा, आमची वर्षं धरून आम्हाला कायम करा, एवढंच सांगायचं होतं.

तोंड उघडलं तोच ऑफिसातल्या क्लार्कनं हजेरीपुस्तक साहेबांपुढं सरकवलं.

"बाई, तुम्ही आज कामावर न्हाईसा. भायेरच्या माणसाला हितं बोलता येत न्हाय."

त्याची आई आमच्याच वॉर्डात ॲडमिट होती. माझं डोकं फिरलं.

"मग सकाळी तुमच्या आईला इंजेक्शन कुणी दिलं?"

क्लार्कनं मैत्रिणीकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. खोटी सही कबूल केली तर तिची नोकरी जाणार, हे मलाही कळत होतं. तरी वाटलं, बोलेल. एका डब्यात जेवतो आम्ही.

"मी दिलं," ती म्हणाली. "सही हाय की माझी."

साहेबांनी मान डोलावली. नर्सेसची काही तक्रार नाही, असं लिहून घ्यायला सांगितलं. क्लार्कनं ते माझ्यादेखत लिहिलं आणि मला बाहेर जायला सांगितलं. मला क्लार्कची आणि मैत्रिणीची किळस आली, त्याहून जास्त माझी स्वतःची.

एसटीची वाट बघत दवाखान्याबाहेर उभी होते, तर मैत्रीण धावत आली. मान खाली. क्लार्कची आई दुपारचं इंजेक्शन कुणाला टोचू देईना. सकाळच्या बाईचा हात हलका हाय, तिलाच बोलवा, म्हणत होती.

गेले. म्हातारीनं हात पुढं केला, क्लार्कनं तो धरून ठेवला. तक्त्यावर दुपारच्या इंजेक्शनपुढं मैत्रिणीची सही आधीच झालेली होती.