पुण्याच्या बाजूनं

जुलै महिना आला की आमच्या कोर्टावर खेळ कमी आणि वाद जास्त होतो. अमेरिकेतली बास्केटबॉलची लीग जूनमध्ये संपते. हंगाम चालू असतो तेव्हा सकाळी ऑफिसला निघायच्या आधी मोबाइलवर निदान अर्धी मॅच तरी बघायला मिळते. हंगाम संपला की उरतात फक्त ट्रेडच्या, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीच्या अफवा. कोणता खेळाडू कोणत्या संघाला देणार, त्याच्या बदल्यात कोण येणार, आणि आपल्या तरुण पोरांनी सुट्टीत काय सुधारणा केली. एवढ्या भांडवलावर आम्ही तिघं ऑक्टोबरपर्यंत सहज तग धरतो.

तिघं म्हणजे मी, आमचे सर आणि आमच्या शहरातल्या शहागंज बाजारात औषधांचं दुकान चालवणारा माझा जुना मित्र. सर निवृत्त क्रीडाशिक्षक, मूळचे सिल्लोडकडचे. आम्हा दोघांच्याही हातात पहिला बॉल त्यांनीच दिला. मी विमा कंपनीत नोकरी करते, चाळिशी कधीच ओलांडली आहे. तरी रोज सकाळी सिमेंटच्या कोर्टावर आम्ही थोडं शूटिंग करतो आणि मग पायऱ्यांवर चहा घेत बसतो. तिकडच्या ज्या संघासाठी आम्ही जीव टाकतो तो आमच्या हयातीत जिंकेल असं काही वाटत नाही. त्यांच्या गावाला आम्ही कधी गेलेलो नाही, जाणारही नाही. पण त्यांच्या मॅनेजरनं चुकीचा सौदा केला की माझं दिवसभर डोकं फिरलेलं असतं आणि ऑफिसात समोरच्या टेबलावरच्या बाईला ते विनाकारण सोसावं लागतं.

आमचे वाद हातघाईवर येऊ नयेत म्हणून सरांनी फार पूर्वी एक नियम घातला आहे. आज ज्या बाजूनं भांडलात, उद्या सकाळी तिच्या उलट बाजूनं बोलायचं. तेही मन लावून. थातूरमातूर बोललं की सर हात वर करून थांबवतात आणि तयारी करून यायला सांगतात. या नियमापायी मला अजिबात न पटणाऱ्या कितीतरी गोष्टी मी तावातावानं मांडल्या आहेत.

यंदाचा वाद आमच्या संघातल्या, बॉल पुढे नेऊन खेळ रचणाऱ्या एका कोवळ्या गार्डवरून होता. आम्ही त्याला नुसतं 'पोरगा' म्हणतो. त्याला देऊन एक नावाजलेला पण तिशी उलटलेला खेळाडू आणायचा, अशी बातमी होती.

"देऊन टाका," मी म्हणाले. "सुधारेल, सुधारेल म्हणत किती वाट बघायची?"

"नक्को ना, ताई," मित्र कळवळला. "बच्चा है अभी. त्याचा नवीन व्हिडिओ बघितला का? डावा हात बघा, काय तयार झालाय!"

"सुट्टीतल्या व्हिडिओत सगळेच तयार असतात. रिकाम्या जिममध्ये, समोर कोणी नसताना मीसुद्धा दहाच्या दहा मारते."

"तू दहातले चार मारतीस," सर म्हणाले. "आत्ताच बघितलं म्या."

माझा स्वभावच तसा आहे. कुणाचं कौतुक ऐकलं की मला आधी त्यातली खोट दिसते, आणि लेकीच्या बाबतीत तर जरा जास्तच. लेक यंदा दहावी झाली. मे महिन्यातल्या बास्केटबॉलच्या शिबिरात पुण्याहून एक प्रशिक्षक बाई आल्या होत्या. त्यांनी तिचा खेळ बघितला आणि अकरावीला पुण्यात ये, म्हणाल्या. वसतिगृहात राहायचं, तिथंच कॉलेज, सकाळ-संध्याकाळ सराव. लेक हरखून गेली आणि मी नाही म्हणाले. माझ्याकडे कारणांची काही कमी नव्हती. वसतिगृहाचं जेवण, अभ्यास, तिचा कच्चा डावा हात, एका शिबिरातलं कौतुक किती मनावर घ्यायचं, वगैरे. तेव्हापासून घरात धुसफूस चालू होती. 'हो', 'नाही', 'ठेवलंय' यापलीकडे ती माझ्याशी बोलत नव्हती.

त्या सकाळी पोरग्याबद्दल बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या घरीही हेच. शिबिरात जरा चमकली, तर लगेच पुण्याला निघाली."

सरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "म्हंजी तू तिला द्यायच्या विरुद्ध हायेस."

"सर, माझी मुलगी म्हणजे काय ट्रेड आहे का?"

"त्या पोराच्या रांगेत तिला तूच बसवलंस. मंग नियम बी पाळ. उद्या पुण्याच्या बाजूनं बोल."

"हौ, बराबर है," मित्रानं री ओढली.

मी भडकले. माझ्या घरातल्या गोष्टीत नाक खुपसू नका, असं दोघांनाही सुनावलं आणि चहा तसाच टाकून निघून आले.

राग दुपारपर्यंत ओसरला. सरांसमोर तयारीशिवाय उभं राहायची हिंमत मात्र मला या वयातही नाही. म्हणून संध्याकाळी ऑफिसातून परस्पर कोर्टावर गेले आणि लेकीला दिसणार नाही अशी भिंतीच्या आडोशाला थांबले. कॉलेजातल्या थोराड मुलींबरोबर तिचा खेळ चालला होता. एरवी मी बघते ते तिचं चुकतं कुठं. आज मला परक्या माणसासारखं बघायचं होतं, ती कुणाला का हवी असेल ते शोधायचं होतं.

तिचा शॉट चुकला, आणि हळहळत न बसता सगळ्यांत आधी तीच मागे पळाली. एक नवी, बिचकलेली मुलगी होती. तिच्या हातून पास सुटला, बाकीच्या चिडल्या. पुढच्या वेळी बॉल हातात येताच लेकीनं पुन्हा तिलाच दिला. तोही सुटला, तर तिसऱ्यांदाही दिला. आणि मग एका उंच मुलीला चुकवून ती डावीकडून आत शिरली, डाव्या हातानं, बॉलकडे न बघता. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. कधी शिकली कोण जाणे. मला इतका अभिमान वाटला की टाळ्या वाजवाव्यात, पण टाळी न वाजवताच मी तिच्या नजरेस पडायच्या आत घराकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याच्या बाजूनं बोलले. बघितलं ते सगळं सांगितलं. इथं आता तिला तिच्या तोडीचं फारसं कोणी उरलेलं नाही, म्हणाले. इथं राहिली तर ती जिंकत राहील आणि आहे तेवढीच राहील. आत्ता नेली तर पुण्याला एक चांगली गार्ड मिळेल आणि संघात सगळ्यांना धरून ठेवणारी मुलगीही मिळेल. सरांनी एकदाही हात वर केला नाही. मित्र चहा प्यायचा विसरला. अमेरिकेतल्या पोरग्याचं पुढं काय झालं, हे त्या दिवशी कुणी विचारलंच नाही.

"आन् देणाऱ्याचं काय म्हणणं हाय?" सरांनी शेवटी विचारलं.

मी ग्लास खाली ठेवला. जेवण, अभ्यास, डावा हात, यातलं काहीच मी पुढं केलं नाही.

"तिचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच आहोत, सर," मी म्हणाले. "ती गेली की मी एकटी पडेन. एवढंच आहे. बाकी सगळं मी उगाच बोलत होते."

मित्र नुसतं "ताई..." म्हणाला.

"कारण खरं हाय," सर म्हणाले. "लई खरं हाय. पर ते तुझं हाय. तिचं नाय."

त्या संध्याकाळी लेक फ्रिजमधून पाण्याची बाटली काढत होती. मी भाजी परतता परतता, तिच्याकडे न बघताच सांगून टाकलं, "जा तू पुण्याला. मी उद्या त्या बाईंना फोन करते."

"खरंच?"

"खरंच."

मला वाटलं, आता ही गळ्यात पडेल किंवा मैत्रिणीला फोन करायला धावेल. ती फ्रिजला टेकून सावकाश खाली बसली, गुडघे पोटाशी घेतले आणि रडायला लागली. इतके दिवस माझ्याशी भांडलेली, ताठ मानेनं घरात वावरलेली ही मुलगी.

"मला वाटलं तू नाहीच म्हणशील," ती म्हणाली. "मला भीती वाटते, आई. तिथं मला कोणीच ओळखत नाही. राहू का मी इथंच? इथलं कॉलेजही चांगलं आहे ना?"

एक शब्द पुरला असता. 'राहा' म्हणाले असते तर ती राहिली असती, आणि मला कुणी नावंही ठेवली नसती, कारण विचारलं तिनं होतं. तो शब्द अगदी ओठांपर्यंत आला होता. मी गॅस बंद केला. तिच्या शेजारी फरशीवर जाऊन बसले आणि ओढणीनं तिचं तोंड पुसलं.

"उद्या संध्याकाळी पैठण गेटच्या बाजारात जाऊ," मी म्हणाले. "तुला चांगली मोठी बॅग घेऊ."