पैठण रोडवरचं चलान माझंच

गेल्या सोमवारी सकाळी सिडकोतल्या घरी चहा घेत बसले होते, तेवढ्यात मोबाईलवर मेसेज... ओव्हरस्पीडिंग, पैठण रोड, दोन हजार दंड. गाडी माझ्या नावावर आहे. इतकी वर्षं चालवते, एकदाही साधा सिग्नल तोडलेला नाही.

तारीख बघितली आणि सगळं लक्षात आलं. महालक्ष्म्या बसायचा दिवस.

आमच्या महालक्ष्म्या लग्न झाल्यापासून माझ्याकडं बसायच्या. यंदा धाकट्या दिरानं पैठणला नवं घर बांधलं आणि जाऊबाई म्हणाल्या, यंदा आमच्याकडं बसवू द्या. आमच्या ह्यांनी मला न विचारता होकार देऊन टाकला! वर मला म्हणाले, "अगं, तुझीही दगदग वाचेल." दगदग वाचवा असं मी कधी म्हटलं होतं?

मी मुखवटे, साड्या, दागिने सगळं पुसून बांधून दिलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पण वर्षाचा, म्हणजे माझ्या जावेचा, तो नवा कोरा हॉल डोळ्यांपुढून जाईना... तिथं माझ्या महालक्ष्म्या, माझं मखर, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका तिला म्हणणार, किती छान मांडलंय हो!

त्या दिवशी सकाळी तिचा फोन. "ताई, लेकरांचे मुखवटे तुमच्याकडंच राहिले की हो!" महालक्ष्म्यांची ती दोन छोटी बाळं माझ्या कपाटातच होती. खरं सांगते, जरा बरं वाटलं.

मुलगा अमोल लगेच किल्ली घेऊन उठला. मी मुखवट्यांचा डबा शालीत गुंडाळून पुढच्या सीटवर ठेवला, त्याला बेल्ट लावला. ह्यांनी मागच्या सीटवर बसता बसता "तू पण चल ना" म्हटलं, मी गुडघ्याचं कारण सांगितलं. दुपारी अमोल परत आला, मला न्यायला. घामाघूम झाला होता. "आई, चल, काकू थांबलीय." मी पुन्हा गुडघाच पुढं केला. तो पाणीसुद्धा न पिता गेला... ते दोघं संध्याकाळी तिकडंच जेवले. मी एकटीनं वरणभात खाल्ला.

आता हे चलान. मला घेऊन जाताना हा मुलगा चाळीसच्या वर जात नाही. आणि काकूचा डबा पोचवायला गाडी उडवली! मी त्याला फोनवर चांगलंच सुनावलं. तो म्हणाला, "सॉरी आई, मी भरतो. ते आधीचं एक स्पीडचं आहे माझ्या नावावर, जरा सांभाळून घे." एवढंच. कशाला पळवली, ते नाही सांगितलं.

मेसेजमधल्या लिंकवर मी जात नाही, हल्ली फसवाफसवी फार चालते. सरळ ट्रॅफिक ऑफिस गाठलं. काउंटरवरची महिला कॉन्स्टेबल शांतपणे म्हणाली, "मॅडम, गाडी तुमच्या नावावर, म्हणजे जबाबदारी तुमची. दुसरं कुणी चालवत असेल तर नाव लेखी द्या. आधीही स्पीडचं असेल तर लायसन सस्पेंड होऊ शकतं." न भरता ठेवलं तर कोर्टाची नोटीस, आणि उद्या गाडी विकायची तरी अडणार, हेही सांगितलं.

अमोलचं काम फिरतीचं. जालना, कन्नड, बीड, रोज गाडी. लायसन गेलं तर घरी बसायची वेळ. हे सगळं मला माहीत होतं... तरी मी पर्समधून पेन काढलं. आपल्या रेकॉर्डला डाग कशाला, असं मनाला सांगत होते. खरं कारण वेगळं होतं. काकूसाठी पळवलीस ना, आता भोग.

"फोटो बघायचाय का आधी?" कॉन्स्टेबलनं स्क्रीन माझ्याकडं वळवली. "पैठणहून शहराकडं येताना कॅमेऱ्यात आलीय."

येताना?

फोटोत आमची गाडी, समोरून. वेळ दुपारची, अमोल मला न्यायला घरी आला त्याच्या थोडी आधीची. स्टिअरिंगवर अमोल, पुढं वाकलेला. शेजारच्या सीटवर डबा नव्हता. ती सीट माझ्यासाठी रिकामी होती.

मी पेन परत पर्समध्ये टाकलं आणि दंड भरून टाकला.

संध्याकाळी वर्षाचा फोन. अमोलकडून तिला कळलं होतं. "ताई, दंड आम्ही देतो, चूक माझी आहे. मीच म्हणलं त्याला, ताईंना घेऊन ये, त्यांच्या हाताशिवाय मी महालक्ष्म्या उभ्या करणार नाही. पळतच सुटला बघा. अंधार पडत आला तोवर थांबलो होतो आम्ही, म्हणलं गुडघा दुखायचा थांबला तर येतील..."

मी म्हटलं, "नाही. ते चलान माझं आहे." ती हसली, तिला वाटलं मी मोठेपणानं म्हणतेय. मोठेपणा कसला? मखर गेलं, मुखवटे गेले, हळदीकुंकू गेलं. हे एक तरी तिला कशाला देऊ?

अमोलला मात्र बजावलंय, पुन्हा अशी चालवलीस तर नाव मी स्वतः लिहून देईन. आई घरी रुसून बसली असली तरी रस्ता सगळ्यांचा आहे. तुम्हीही आपापल्या गाडीवर काही बाकी आहे का, ते सरकारी साइटवर तपासून घ्या.

पुढच्या वर्षी पैठणला मी आदल्या दिवशीच जाणार आहे. गाडी मी चालवणार... आणि लेकरांचा डबा माझ्या मांडीवर नाही, अमोलच्या मांडीवर असेल.