कागदावरची घरमालकीण

कल्याणचं आमचं घर माझ्या नावावर आहे. मोहने गावातल्या कारखान्यातून ह्यांना फंडाचे पैसे मिळाले तेव्हा ते घेतलं. माझं नाव लावलं ते प्रेमापोटी नव्हे, ह्यांचे भाऊ वाटा मागतील या धास्तीने. ह्यांच्या माघारी मुलगा, सून आणि मी तिथेच राहतो. मुलाची नोकरी ठाण्याला. आईला घरभाडं दिलेलं दाखवलं की पगारावरचा कर वाचतो, हे त्यानेच शोधून काढलं.

सुरुवातीला मी नुसत्या पावत्यांवर सह्या करायचे. पावतीवरच्या महसुली तिकिटावर सही करताना हसू यायचं, कारण माझा भाडेकरू समोर बसून माझ्याच हातचे पोहे खात असायचा. मग त्याच्या ऑफिसने भाडं बँकेतून दिल्याचा पुरावा मागितला. दर एक तारखेला माझ्या खात्यात पैसे येऊ लागले आणि मी ते काढून त्याला परत देऊ लागले.

माझं रिटर्न भरायला आम्ही ठाण्याला एका सी.ए. बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, भाडं हे तुमचं उत्पन्न, ते तुमच्या रिटर्नमध्ये दाखवायलाच हवं, आणि पैसे परत करत असाल तर ते भाडंच नव्हे, नुसतं नाटक. मी त्या महिन्यापासून पैसे परत देणं बंद केलं. नियमच होता तसा, मी काय करणार?

खरं सांगते, इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. खडवलीला बहिणीकडे जावंसं वाटलं की निघायचे. भाचीच्या लग्नात माझ्या पसंतीची साडी दिली, गुडघ्याच्या डॉक्टरची फी स्वतः भरली. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मग ते बजेट आलं. मुलगा खुशीत येऊन म्हणाला, "आता बारा लाखांपर्यंत कर नाही, आई. नवीन पद्धत घेतली की भाड्याबिड्याची भानगडच नको. तू सुटलीस."

तेव्हापासून माझं कशात लक्ष लागेना. कुकर लावायचे आणि शिट्ट्या किती झाल्या ते विसरायचे. पेपरात करावर जे येईल ते वाचून काढायचे. कुठल्या सवलती राहिल्या, कुठल्या गेल्या. भाड्याची सूट जुन्या पद्धतीत होती, नव्या पद्धतीत नाही, आणि त्याच्या पगाराला नवीच फायद्याची. हे मलाही कळत होतं. त्याचा हिशेब बरोबर होता म्हणून तर जीव जास्त कासावीस व्हायचा.

एप्रिल उजाडला. एक तारखेला फोन हातातून सुटला नाही. रेंज गेली असेल म्हणून गॅलरीत जाऊन उभी राहिले. बँकेचा मेसेज आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. घर माझं, आणि त्यात मीच चोरासारखी फिरत होते. माझा मलाच राग येत होता.

रविवारी जेवताना एकदाचं विचारलं, या महिन्याचं भाडं आलं नाही. तो हसला. म्हणाला, अगं, कर माफ झालाय ना आता.

"कर सरकारने माफ केलाय," मी म्हटलं. "भाडं मी माफ केलेलं नाही."

सून वाढता वाढता थांबली. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. माझा चेहरा बघून त्याचा उतरला.

"अगं, घरातल्या घरात कसलं भाडं? तुला लागतील तेव्हा माग ना. मी कधी नाही म्हटलंय?"

नव्हतं म्हटलं त्याने. त्याच्या बाबांनीही कधी नाही म्हटलं नव्हतं. ते फक्त "कशाला हवेत?" एवढं विचारायचे, आणि मी जन्मभर भाजी, रिक्षा, औषध असं एकेक सांगत उभी राहायचे.

"मागायचंच तर नाहीये रे मला," मी म्हटलं.